वेल्डिंगचा छंद आणि गॅसच्या सिलिंडरचा हिशोब

लॉकडाऊननंतर अनेक घरांत एक नवीन पाहुणा आला आहे. बुटाच्या खोक्याहून थोडंसं मोठं, खांद्याला अडकवता येईल असं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. कुणी बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी स्टँड करतं, कुणी नातवंडांसाठी झोपाळा, कुणी जुन्या शिलाई मशीनच्या पायांवर टेबल बसवतं. निवृत्त काका असोत की इंजिनीअरिंगला असलेली भाची, दोन लोखंडी तुकडे आपल्या हातांनी एकजीव झाल्याचा आनंद सगळ्यांना सारखाच होतो.

सुरुवात बहुतेक जण साध्या रॉडच्या वेल्डिंगने करतात. मग कुठेतरी मिग किंवा टिग वेल्डिंगचा व्हिडिओ दिसतो. स्वच्छ, चकचकीत, नाण्यांची चळत आडवी पडावी तशी रेघ! मन लगेच तिकडे धावतं आणि मशीनही घरपोच येतं. खोकं उघडल्यावर मात्र लक्षात येतं की याला गॅस लागतो. तो कुठून आणायचा? कोणता? केवढा? आणि दुकानदार डिपॉझिट, भाडं, भरणा, टेस्ट असे चार वेगवेगळे आकडे सांगतो त्यांचा अर्थ काय?

मशीन एकदाच घ्यावं लागतं. गॅसचा खर्च मात्र तुम्ही छंद सोडेपर्यंत चालू राहतो. शिवाय ही वस्तू घरात आणायची असते, जिथे मुलं खेळतात आणि आईबाबा दुपारी झोपतात. म्हणून पैसे मोजण्याआधी हा लेख शांतपणे वाचा.

मुळात गॅस हवाच का?

वितळलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पटकन ओढून घेतं. मग जोडात बारीक भोकं राहतात, जोड ठिसूळ होतो. त्यामुळे वितळलेल्या धातूवर क्षणभर एखादं पांघरूण घालावं लागतं. रॉडच्या वेल्डिंगमध्ये हे काम रॉडवरचा लेप करतो. तो जळून धूर आणि वरची खपली तयार होते. मिग आणि टिगमध्ये तेच पांघरूण सिलिंडरमधल्या वायूचं असतं.

म्हणजेच वायू न वापरताही वेल्डिंग होतं. तुमचं काम गेट, ग्रिल, अँगलचा रॅक असं जाड लोखंडाचं आणि तेही महिन्यातून एखाद्या रविवारचं असेल, तर रॉडचं मशीन पुरेसं आहे. मिगचीच हौस असेल, तर आत लेप भरलेली फ्लक्स कोअर वायरही मिळते. तिला गॅस लागत नाही. वायर थोडी महाग पडते, धूर आणि उडणारे छर्रे जास्त असतात, पण सिलिंडरची कटकट नाही. मशीन या वायरसाठी ध्रुव बदलून देतं का, एवढं मात्र आधी पाहून घ्या.

पातळ पत्रा, स्टेनलेस स्टील किंवा अॅल्युमिनियम जोडायचं असेल, तर मात्र गॅसशिवाय चांगलं काम होत नाही.

कोणत्या कामाला कोणता वायू?

छंद म्हणून वेल्डिंग करणाऱ्याला तीनच पर्याय लक्षात ठेवायचे आहेत.

पहिला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत सीओटू. साध्या लोखंडाच्या मिग वेल्डिंगसाठी सगळ्यांत स्वस्त वायू हाच. खत कारखान्यांत आणि मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीत तो मूळ मालाबरोबर आपोआप तयार होतो, म्हणून स्वस्त. जोड खोलवर जातो, पण छर्रे उडतात आणि नंतर ग्राइंडर फिरवावा लागतो.

दुसरा आर्गॉन. टिग वेल्डिंगला शुद्ध आर्गॉनच लागतो. लोखंड असो, स्टेनलेस असो की अॅल्युमिनियम. पैसे वाचवायला टिगला सीओटू लावलात, तर टंगस्टनचं टोक काही सेकंदांत काळं पडून जळेल. आपण श्वासात घेतो त्या हवेत आर्गॉन १ टक्क्याहूनही थोडा कमी, ०.९३ टक्के असतो. १८९४ मध्ये रॅली आणि रॅम्झी या शास्त्रज्ञांनी तो शोधला. कशाशीच संयोग करत नाही म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ या शब्दावरून त्याला हे नाव मिळालं. हवा उणे १८० अंशांच्याही खाली थंड करून, द्रव करून हा वायू वेगळा काढावा लागतो. त्याची किंमत जास्त का, याचं उत्तर त्यातच आहे.

तिसरा या दोघांचं मिश्रण. साध्या लोखंडाच्या मिगला ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू असं मिश्रण सर्रास वापरतात. छर्रे कमी, रेघ सुबक आणि पातळ पत्र्यावर ताबा चांगला. स्टेनलेसच्या मिगला हे मिश्रण चालत नाही. त्यात सीओटू अगदी थोडा, २ टक्क्यांच्या आसपास असावा लागतो, नाहीतर जोडाला पुढे गंज धरतो. आणि अॅल्युमिनियमच्या मिगला पुन्हा शुद्ध आर्गॉनच.

मग एकच सिलिंडर घ्यायचा तर कोणता? फक्त लोखंडाचं मिग करणार असाल, तर सीओटूने सुरुवात करा. टिग करणार असाल, तर आर्गॉनला पर्याय नाही. ‘दोन्ही घेऊन ठेवू, कधीतरी लागेल’ हा विचार सोडून द्या. पहिल्या वर्षी एकच पुरे.

केवढा सिलिंडर घ्यायचा?

इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते दूधवाल्याच्या हिशोबाहून अवघड नाही.

आर्गॉन सिलिंडरमध्ये वायूरूपातच दाबून भरलेला असतो, साधारण १५० बार दाबाने. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. सिलिंडरमध्ये जितकं लिटर पाणी मावेल, त्याला या दाबाने गुणलं की आत किती लिटर वायू आहे ते कळतं. १० लिटरच्या छोट्या सिलिंडरमध्ये १० गुणिले १५०, म्हणजे १५०० लिटर. फॅब्रिकेशनच्या दुकानात दिसणाऱ्या उंच सिलिंडरमध्ये साधारण ४७ लिटर पाणी मावतं. त्यात ७००० लिटर, म्हणजेच ७ घनमीटर वायू. दुकानदार ‘सात क्यूबिकचा बाटला’ म्हणतो तो हाच.

आता वापर बघा. टिगला मिनिटाला ६ ते १० लिटर वायू लागतो, मिगला १० ते १५. टिगसाठी ८ लिटर धरले, तर छोटा सिलिंडर १८७ मिनिटं, म्हणजे ३ तास चालतो. ३ तास ऐकायला कमी वाटतात, पण हे ठिणगी पेटलेली असतानाचे ३ तास आहेत. हौशी माणसाचा बहुतेक वेळ मापं घेण्यात, कापण्यात, घासण्यात आणि चहात जातो. रविवारची अख्खी दुपार काम केलंत, तरी प्रत्यक्ष जोडकाम अनेकदा १५-२० मिनिटांचंच भरतं.

सीओटूचं गणित वेगळं आहे. तो सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि किलोवर विकला जातो. १ किलो द्रवापासून साधारण ५४० लिटर वायू होतो. ५ किलोच्या सिलिंडरमध्ये २७०० लिटर वायू मिळतो. मिनिटाला १२ लिटरने तो २२५ मिनिटं, म्हणजे पावणेचार तास पुरतो. मोठा ३० किलोचा घेतला तर १६००० लिटर.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आर्गॉनच्या मीटरवर दाब अर्धा दिसला, तर वायू अर्धा संपला असं समजावं. सीओटूच्या बाबतीत मीटर फसवतं. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब तेवढाच दाखवतो आणि द्रव संपला की काटा भराभर खाली येतो. शिवाय ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहूच शकत नाही. आपल्या उन्हाळ्यात त्या मीटरवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. त्यामुळे सीओटूचा सिलिंडर नेहमी वजन करून घ्या. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. काट्यावरच्या वजनातून ते वजा केलं की आत किती माल आहे ते कळतं. भाजीवाल्याकडे वजन बघतो, मग इथे का बघू नये?

विकत की भाड्याने?

बहुतेकांची चूक इथेच होते. आपण फक्त भरण्याचा दर विचारतो आणि दुसऱ्या दुकानाशी तुलना करतो. खरा खर्च मात्र पाच भागांत विखुरलेला असतो: सिलिंडरची किंमत किंवा डिपॉझिट, भाडं, भरण्याचा दर, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि ने-आण.

एक उदाहरण घेऊ. पुढचे रुपयांचे आकडे फक्त हिशोबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावातले दर त्याजागी घाला.

समजा, तुम्ही टिग करता. आठवड्याला १५ मिनिटं, म्हणजे महिन्याला तासभर प्रत्यक्ष जोडकाम होतं. मिनिटाला ८ लिटरने महिन्याला ४८० लिटर आर्गॉन लागला.

पर्याय पहिला, मोठा सिलिंडर भाड्याने. भरणा २००० रुपये, जीएसटी ३६०, टेम्पो ३००. एकूण २६६०. भाडं महिन्याला ३०० रुपये. तुमच्या वेगाने ७००० लिटर संपायला साडेचौदा महिने लागतील. तेवढ्यात भाड्याचेच ४३५० रुपये झाले. एकूण ७०१० रुपये, म्हणजे लिटरला १ रुपया. वायूपेक्षा भाडंच जास्त!

पर्याय दुसरा, स्वतःचा छोटा सिलिंडर. भरणा ९००, जीएसटी १६२, रिक्षा २००. एकूण १२६२ रुपयांत १५०० लिटर, म्हणजे लिटरला ८४ पैसे. सिलिंडर ६००० रुपयांना घेतला असं धरा. पाच वर्षांत तुम्ही २८८०० लिटर वापराल, तेव्हा किमतीचा वाटा लिटरला २१ पैसे. एकूण १ रुपया ५ पैसे. भाड्याच्या मोठ्या सिलिंडरएवढाच खर्च, पण पाच वर्षांनंतरही सिलिंडर तुमचाच राहतो आणि जागा कमी लागते.

पर्याय तिसरा, स्वतःचा मोठा सिलिंडर. किंमत ९००० धरली तर लिटरमागे ३१ पैसे, भरणा आणि टेम्पोचे ३८ पैसे. एकूण ६९ पैसे. तिन्हींत स्वस्त. पण रिकामाच ५० किलोंच्या पुढे वजन असलेला हा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, हा प्रश्न पैशांच्या हिशोबात दिसत नाही.

आता तुमचं काम दुप्पट झालं असं समजा. मोठा सिलिंडर सव्वासात महिन्यांतच संपेल, भाडं निम्म्यावर येईल आणि भाड्याचा दरही ७० पैशांच्या आसपास उतरेल. तात्पर्य सरळ आहे. जो रोज वापरतो त्याला भाडं परवडतं, ज्याचा सिलिंडर कोपऱ्यात उभा राहतो त्याला ते महाग पडतं. हौशी माणसाचा सिलिंडर बहुतेक वेळ उभाच असतो.

घराचं एकच मोठं काम काढलं असेल, गच्चीवरची शेड किंवा जिन्याचा कठडा, तर मात्र महिनाभर भाड्याने घ्या, काम उरका आणि परत करा. परत करताना आत उरलेल्या वायूचे पैसे सहसा मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यात राहिलेली सगळी छोटी कामं काढून ठेवा.

डिपॉझिट देताना पावती घ्या आणि त्यावर ‘परत मिळण्याजोगं’ असं स्पष्ट लिहून घ्या. भाडं दिवसावर आहे की महिन्यावर, पहिले काही दिवस मोफत आहेत का आणि दुकान बदललं तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हेही तिथेच विचारा. ‘आपलंच दुकान आहे’ या गोड शब्दांना पावतीची जागा देऊ नका.

स्वस्तातला जुना सिलिंडर

आता माझीच फजिती सांगतो. मी इंदूरला राहतो. काही वर्षांपूर्वी भंगार बाजारात निळा सिलिंडर दिसला. रंग छान, व्हॉल्व्ह फिरत होता आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. मी घासाघीस करून आणखी पाचशे कमी केले आणि विजयी मुद्रेने घरी आलो. बायकोने विचारलं, ‘‘याचा कागद?’’ मी म्हटलं, ‘‘लोखंडाला कसला कागद?’’

दुसऱ्या दिवशी भरायला नेला. दुकानातल्या माणसाने सिलिंडर आडवा करून खांद्यावरचे ठोकलेले आकडे बोटाने पुसले आणि शांतपणे विचारलं, ‘‘भाऊ, हा कुणाचा आहे?’’ त्यावर दुसऱ्याच एका गॅस कंपनीची खूण होती. म्हणजे कधीकाळी भाड्याने गेलेला आणि परत न आलेला सिलिंडर. शेवटच्या चाचणीची तारीखही कधीच उलटून गेली होती. त्याने भरायला साफ नकार दिला. मला राग आला. मी म्हणालो, ‘‘एकदा भरा, काय होतंय?’’ तो म्हणाला, ‘‘काही झालं तर पहिला मी उडेन, मग तुम्ही.’’ यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

शेवटी सिलिंडरवर ज्या कंपनीची खूण होती तिच्या वितरकाकडे तो नेऊन दिला. पैसे गेले. पण माझ्या घरात, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलापासून भिंतीपलीकडे, मी काय आणून ठेवणार होतो हे त्या दिवशी कळलं.

तुम्ही ही चूक करू नका. जुना सिलिंडर घ्यायचाच असेल, तर चार गोष्टी बघा. एक, मूळ बिल आणि चाचणीचं प्रमाणपत्र. दोन, खांद्यावर ठोकलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का. तीन, शेवटची चाचणी कधी झाली. अशा सिलिंडरची ठरावीक मुदतीने, साधारणपणे दर ५ वर्षांनी, पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते. तिलाच हायड्रोटेस्ट म्हणतात. चार, पैसे देण्याआधी तुमच्या भरणा दुकानात क्रमांकाचा फोटो दाखवा आणि ‘हा भराल का?’ एवढंच विचारा. त्यांनी हो म्हटलं तरच व्यवहार.

या सगळ्याला कायद्याचा आधार आहे. देशभर सिलिंडरसाठी २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सिलिंडर भरण्यासाठी परवाना लागतो. म्हणून मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात घरच्या घरी भरण्याचे व्हिडिओ कितीही सोपे वाटले, तरी त्या वाटेला जाऊ नका. जुनं सीओटूचं आग विझवायचं नळकांडं मशीनला जोडण्याची युक्तीही तशीच. त्यात तळापर्यंत नळी असते, त्यातून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि आग लागेल त्या दिवशी नळकांडं रिकामं असतं.

रंगावर जाऊ नका

आपल्याकडे आर्गॉनचा सिलिंडर निळा, सीओटूचा काळा, ऑक्सिजनचाही काळा आणि अॅसिटिलीनचा मरून रंगाचा असतो. सीओटू आणि ऑक्सिजन दोन्ही काळे, हे ध्यानात ठेवा. वापरून वापरून रंग उडतो, कुणी वरून दुसरा रंगही मारतो. म्हणून रंग बघा, पण विश्वास ठेवा तो वर लिहिलेल्या नावावर आणि लेबलवर. नाव वाचता येत नसेल, तर सिलिंडर परत करा.

रेग्युलेटरही ज्या वायूचा त्यालाच लावायचा. आटे जुळत नाहीत म्हणून मध्ये जुगाडाचा तुकडा बसवू नका. चुकीचा वायू जोडला जाऊ नये म्हणूनच ते आटे वेगळे ठेवलेले असतात. सीओटूचा वायू बाहेर पडताना इतका गार होतो की सलग काम केल्यास रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि वायू अडतो. त्यासाठी विजेवर चालणारा छोटा हीटर मिळतो. पाच-दहा मिनिटांच्या कामाला त्याची गरज पडत नाही. तासभर सलग काम करणार असाल तर घ्या.

घरी आणताना आणि ठेवताना

भरलेला सिलिंडर सायकल किंवा स्कूटरवरून नेण्यास नियमांतच मनाई आहे. पायांमध्ये सिलिंडर उभा धरून भाच्याला मागे बसवायचं, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, पण ते करू नका. बंद गाडीच्या डिकीतही नको, कारण वास नसलेला वायू गळला तर चालवणाऱ्याला कळतच नाही. दुकानदाराचा टेम्पो किंवा उघडी मालवाहू रिक्षा बोलवा. व्हॉल्व्हवरची टोपी घट्ट लावा आणि सिलिंडर उभा, दोरीने बांधून आणा.

घरी तो भिंतीला साखळीने बांधून उभाच ठेवा. आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला, तर १५० बारचा दाब त्या जड लोखंडाला रॉकेटसारखा फेकतो. घरात लहान मूल असेल, तर साखळीला पर्याय नाही. सीओटूचा सिलिंडर आडवा ठेवला, तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

आर्गॉन आणि सीओटू पेट घेत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी आहेत असा गैरसमज होतो. दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. गळले की खाली साचतात आणि हवेतला ऑक्सिजन ढकलून देतात. ३ मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत ७ घनमीटर आर्गॉन पूर्ण गळला, तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो. जमिनीजवळ त्याहूनही कमी. वास नाही, खोकला नाही. माणसाला आधी गरगरतं आणि मग तो खाली बसतो, जिथे वायू सर्वांत दाट असतो. सीओटू तर त्याहून वाईट, कारण तो नुसती जागा अडवत नाही, जास्त प्रमाणात शरीरालाही अपाय करतो. म्हणून सिलिंडर झोपायच्या खोलीत, तळघरात किंवा बंद कपाटात ठेवू नका. गच्चीची सावली, उघडा व्हरांडा किंवा हवेशीर गॅरेज ही त्याची जागा. फ्लॅटमध्ये राहत असाल, तर सोसायटीची परवानगी आधी घ्या आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

आणखी एक. जोडायचा भाग साफ करायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका. वेल्डिंगच्या प्रकाशात आणि उष्णतेत त्यापासून फॉसजीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. साध्या तारेच्या ब्रशने घासा, अॅसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

भरलेला वायू पुरवून वापरा

वायूचा सर्वांत मोठा चोर म्हणजे गळती. प्रत्येक जोडणीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले, तर पाना घ्या. दुसरी परीक्षा आणखी सोपी. काम संपल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, पण नळीतला वायू सोडू नका. मीटरचा काटा कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. काटा खाली आला असेल, तर तुमचे पैसे हवेत चालले आहेत. ही तपासणी झाली की नळीतला दाब मोकळा करून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे ‘जास्त वायू म्हणजे चांगला जोड’ हा समज. प्रवाह गरजेपेक्षा वाढवला, तर वायू भोवऱ्यासारखा फिरतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. जोडात भोकं पडतात, आपण वायू आणखी वाढवतो आणि भोकंही वाढतात. भोकं दिसली की आधी पंखा किंवा वारा थेट अंगावर येतोय का ते बघा. पंखा पाठीमागून न लावता धूर बाजूला जाईल असा लावा. मग पत्र्यावरचा गंज, तेल, रंग साफ आहे का ते पाहा. प्रवाहाला सगळ्यांत शेवटी हात लावा.

तिसरी सवय, काम झालं की लगेच मुख्य व्हॉल्व्ह बंद करणं. ‘जेवून येतो, मग करतो’ म्हणून उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह पुढच्या रविवारपर्यंत तसाच राहतो. सिलिंडर अगदी शून्यावरही आणू नका. थोडा दाब शिल्लक असताना भरायला द्या, म्हणजे आत बाहेरची दमट हवा शिरत नाही.

दुकानात जाण्याआधी

हे सहा प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्या. सिलिंडर विकत मिळेल की फक्त भाड्याने? विकत घेतलेला माझाच भरून मिळेल की बदलून दुसरा? बदलून मिळत असेल, तर दुसऱ्याच्या चाचणीची तारीख कोण तपासणार? भरण्याच्या दरात जीएसटी आणि पोहोचवणं धरलं आहे का? वायू वेल्डिंगच्या दर्जाचा आहे का? आणि उद्या मी गाव बदललं तर काय?

हा शेवटचा प्रश्न बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांनी जरूर विचारावा. आज बडोद्यात, तीन वर्षांनी हैदराबादला असं ज्यांचं आयुष्य आहे, त्यांना नव्या गावात जुना सिलिंडर कुणी भरून देईलच असं नाही. अशांना मूळ बिल आणि प्रमाणपत्रासह स्वतःचा छोटा सिलिंडर किंवा सरळ भाड्याचा सिलिंडर सोयीचा. कागद मात्र स्वयंपाकघरातल्या गॅसच्या पुस्तकाबरोबर, एकाच फाईलमध्ये ठेवा.

माझ्या गच्चीवर आता १० लिटरचा निळा सिलिंडर साखळीने बांधून उभा आहे. कागद फाईलमध्ये आहे, चाचणीची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली आहे. गेल्या दिवाळीत मुलाने त्याच्यावर पहिला जोड केला, आजीच्या तुळशीवृंदावनाला स्टेनलेसची चौकट. रेघ थोडी वाकडी आहे. आजीने ती हात फिरवून पाहिली आणि म्हणाली, ‘‘टोचत नाही ना, मग झालं.’’